बिनखिळ्यांची खोली

परवा माझा नातू जेवताना मला पदार्थविज्ञान शिकवायला बसला. कॉलेजात जायला लागल्यापासून त्याला घरातली सगळी माणसं अडाणी वाटतात, आणि मी तर सत्तरी ओलांडलेली म्हातारी. "आजी," तो म्हणाला, "आता नवं शास्त्र आलंय, अणूच्या पोटातलं. त्यातला कण कधी एकटा सापडतच नाही. हवा, ऊब, उजेड, बघणारं माणूस, सगळ्यांचा त्याच्यावर परिणाम होत असतो. भोवताल गणितात धरला नाही तर उत्तर चुकलंच म्हणून समज." मी त्याला आणखी भात हवा का विचारलं. "जाऊ दे, तुला नाही कळायचं," असं म्हणून तो ताकाकडे वळला.

मला हसू आवरेना. अणूंचं तो सांगतो ते खरं असेल. पण भोवताल गणितात धरायचा म्हणजे काय, हे मी त्याच्या आजोबांजवळ बसून पाहिलेलं आहे. प्लेगच्या आधीची ती तीन-चार वर्षं. ती माहीत असलेली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि या वयात मी ती सवय मोडणार नाही. हे गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवीत. आमचं घर जुनं मुंबईकर. सासरे कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि माहीमला खाडीच्या अंगाला आमची लहानशी नारळीची वाडी होती. यांनीही कचेरीतच चिकटावं अशी सगळ्यांची इच्छा. हे गेले शाळेत. "सोन्यासारखी नोकरी लाथाडून पोरांचे कान पिळायला गेला," असं यांचे काका माझ्यादेखत म्हणत, आणि हे पान खात ऐकून घेत.

यांना एका प्रश्नाने झपाटलं होतं. आमच्या माजघरात झोपाळा होता. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. मी झोपाळ्यावर बसले होते, यांनी येऊन एक झोका दिला आणि लांब जाऊन उभे राहिले. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत. झोपाळा हळूहळू थांबला तेव्हा विचारतात, "तुझा झोका कुठे गेला?"

"थांबला," मी म्हटलं.

"थांबला ते मलाही दिसलं. पण गेला कुठे?"

मग हे सांगू लागले: थोडा कड्यांनी घेतला, थोडा हवेने, थोडा वरच्या तुळईने, थोडा तुझ्या लुगड्याच्या घोळाने. कोणी किती घेतला ते मला शोधायचंय. नव्या नवरीशी बोलायचा हा विषय! माहेरी गेल्यावर मी आईला सांगितलं की माणूस चांगला आहे, पण झोका कुठे गेला ते विचारतो.

पुढे मला कळत गेलं. बाकीचे विद्वान म्हणत की एखादी वस्तू ओळखायची तर तिला सगळ्यांपासून तोडून, एकटी करून पाहा. यांचं म्हणणं उलटं होतं. एकटी वस्तू जगात नाहीच. तेव्हा भोवतालचं कोण तिला काय करतं ते एकेक करून मांडा, म्हणजे ती आपोआप कळेल. त्यासाठी यांनी झोपाळ्याऐवजी लोहचुंबकाची सुई घेतली. रेशीमकाम करणाऱ्या पाटवेकऱ्याकडून आणलेल्या, पीळ न दिलेल्या रेशमाच्या तंतूवर ती आडवी टांगली. तिला डाळीएवढा आरसा चिकटवला. समईचा उजेड एका फटीतून त्या आरशावर पाडला की समोरच्या भिंतीवर कवडसा पडे, आणि सुई केसभर हलली तरी कवडसा बोटभर हले. भिंतीवर रेघा आखलेला कागद होता. सुईला हलकासा झोका द्यायचा, आणि कवडसा किती रेघा जातो, किती वेळात परततो, दर खेपेला किती कमी होतो, ते लिहून काढायचं.

एकदा यांनी देवघरातलं तांब्याचं ताम्हन मागून नेलं आणि सुईखाली, पण तिला न टेकवता, ठेवलं. एरवी शंभरावर झोके घेणारी सुई पंचविसातच थांबली. मी मधून कागद फिरवून पाहिला. कुठेच काही अडकत नव्हतं. "हात न लावता घेतलं बघ ताम्हनाने," हे म्हणाले, आणि माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, तोवर मी यांचा छंद सोसत होते; त्या दिवसापासून मला तो हवासा झाला. सासूबाई मात्र देवाचं ताम्हन बाटवलं म्हणून तासभर चिंचेने घासत बसल्या.

गिरगावात हे काम जमेना. रस्त्यावर ट्रामचे लोखंडी रूळ, खिडक्यांना गज, विहिरीवर लोखंडी चाक. तेव्हा वाडीत एक खोली बांधायची ठरली. शेजारच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या तांडेलाला यांनी बोलावलं. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. आता तो समुद्रावर जात नसे, होड्या दुरुस्त करी. यांनी त्याला सांगितलं, खोलीत लोखंडाचा एक खिळासुद्धा चालायचा नाही.

"खिला नाय?" तांडेल म्हणाला. "मंग मास्तर, घर उभं ऱ्हायाचं कशावर?"

"तेच तुम्हाला विचारायला आलोय."

तांडेलाने बराच वेळ चिलीम ओढली. मग म्हणाला, "माज्या आज्याची होडी काथ्यानं शिवलेली व्हती. दर्यात फाटली नाय, तं तुमची खोली काय फाटतंय!"

आणि त्याने ती बांधली. बांबू, लाकडी खुंट्या, काथ्याची बांधणी, वर झावळ्यांचं छप्पर. आतून मातीने लिंपली. वीतभर भिंतीतही कुठे खिळा नव्हता. तांडेलाचा हात गाठींवरून असा फिरे की हे माझ्या कानात म्हणाले, "या माणसाला मी गणित शिकवायला हवं होतं, की त्याने मला?" दारापाशी एक लाकडी पेटी ठेवली होती. किल्ल्या, चाकू, छत्री, जे काही लोखंडी असेल ते तिच्यात टाकायचं. मग उंबऱ्यावर उभं राहून मोठ्याने "लोखंड नाही" म्हणायचं आणि आत जायचं. हे स्वतःसुद्धा म्हणत. देवळात चपला बाहेर काढाव्या इतकं ते अंगवळणी पडलं.

घड्याळात पोलादाची कमान असते, म्हणून तेही बाहेर. वेळ मोजायला यांनी तांबाकाट्याच्या बाजारातल्या तांबटाकडून पितळी ओळंबा आणला. तो दोऱ्यावर अशा बेताने टांगला की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद लागावा. पण ओळंबा आणि कवडसा दोन्हींकडे एक माणूस बघणार कसा? शाळेतले सोबती एक-दोन रविवार आले आणि कंटाळले. तेव्हा मीच बसू लागले. कोपऱ्यात पाटावर बसून मी ओळंब्याकडे बघत मोठ्याने आकडे म्हणायचे, आणि हे कवडसा टिपायचे. दर रविवारी चर्नी रोडहून सकाळच्या गाडीने माहीमला, आणि तिन्हीसांजेला परत. मास्तर बायकोला शेजारी बसवून सुईला झोके देतो, अशी गिरगावात कुजबूज झाली. होऊ दे झाली तर.

यांच्या वहीत रकाने वाढत गेले. वारा कुठला, ऊन किती, भरती की ओहोटी, खोलीत माणसं किती. आकडा जुळला नाही की दुसरा कोणी "हवेमुळे असेल" म्हणून मोकळा झाला असता. हे नाही. "तू आत्ता सुस्कारा टाकलास," असं एकदा न वळता म्हणाले. मी मीठ चिमटीने टाकते, आणि हा माणूस मुंगीचं पाऊल मोजतो, म्हणून मी त्यांना चिडवीत असे. पण इतक्या निष्ठेने काम करणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

कॉलेजातल्या एका इंग्रज प्रोफेसरांनी यांचे तक्ते पाहिले. नाताळच्या सुट्टीत ते स्वतः माहीमला येणार, आणि पटलं तर लेख विलायतेतल्या विद्वानांच्या सभेकडे पाठवणार असं ठरलं. तसं झालं असतं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जागा यांच्यासाठी चालून आली असती. हे वरून शांत होते. पण दाढी करताना गुणगुणायला लागले होते, त्यावरून मी काय ते ओळखलं.

त्याच भाद्रपदात मला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं. पहिलं मूल बारा दिवसांचं होऊन गेलं होतं. दुसऱ्याने तेवढेही दिवस पाहिले नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही. सासूबाईंनी मला देवघरात नेलं आणि एक लहान अडकित्ता माझ्या हातावर ठेवला. चांगला जड होता. "खाडीच्या काठाने तिन्हीसांजेची येतेस. हा कमरेला असू दे. तुझा नवरा झाला तेव्हा माझ्या उशाखाली हाच होता. लोखंडाजवळ वाईट काही येत नाही. त्याला सांगू नकोस, तो हसेल."

पुढच्या रविवारी मी उंबऱ्यावर उभी राहिले, "लोखंड नाही" म्हटलं, आणि अडकित्ता कमरेला खोचलेला असताना आत गेले. जीभ अडखळलीसुद्धा नाही. दोन मुलं गेलेल्या बाईला खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत.

कवडसा अडीच रेघा सरकला. यांना वाटलं, रेशीम ताणलं असेल. तंतू बदलला, तरी अडीच रेघा. मग शोध सुरू झाला. वाडीतल्या विहिरीवरचंही लोखंडी चाक काढून लाकडाचं बसवलं. रेल्वेचे रूळ किती लांब आहेत ते पावलांनी मोजून आले. तांडेलाचा नांगर कुंपणाशी पडला होता, तो चार माणसांकडून पार किनाऱ्यापर्यंत नेववला. "माज्या नांगरानं मास्तरची सुई भ्रष्ट क्येली!" म्हणून तांडेल आठ दिवस रुसून बसला. आम्ही दोघं खोलीत बरोबर जात होतो आणि बरोबर बाहेर पडत होतो, म्हणून मी नसताना सुई कशी वागते ते कोणी पाहिलंच नाही. यांनी समुद्रावर संशय घेतला, जमिनीवर घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. माझ्यावर घेतला नाही. मी "नाही" म्हटलं होतं ना!

हे जेवेनासे झाले. गुणगुणणं थांबलं. मी रोज ठरवी, आज सांगू, आणि रोज पोटावर हात ठेवून गप्प बसे.

यांनी मग सुई खोलीत तीन वेगवेगळ्या जागी टांगून पाहिली. प्रत्येक ठिकाणी ती किती वळते ते टिपलं आणि आठवडाभर गणित केलं. नाताळच्या आधीच्या रविवारी आत आल्यावर यांनी खडू घेतला आणि जमिनीवर एक वर्तुळ काढलं. मी पाटावर बसले होते. वर्तुळ पाटाच्या भोवती आलं.

"इथे लोखंड आहे," माझ्याकडे न बघता हे म्हणाले. "जमिनीपासून वीतभर वर. दहा-बारा तोळ्यांचं असावं."

मला रडू फुटलं. मी अडकित्ता काढून पुढे ठेवला. यांनी तो उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "हा आईचा." मी सगळं सांगितलं, कधीपासून ते, कशासाठी ते, आणि दारात दर खेपेला खोटं बोलले तेही. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी अडकित्ता परत माझ्या हातात दिला.

"कमरेला खोच."

"आणि तुमचं काम?"

"काम बिघडलेलं नाही. न दिसणारी वस्तू सुईने बरोबर दाखवली. ती किती जड, किती लांब, सगळं." यांनी वहीत एक नवा रकाना आखला, त्यावर "लोखंड" असं लिहिलं, आणि भाद्रपदापासूनच्या प्रत्येक रविवारापुढे "आहे" असं भरत गेले.

प्रोफेसर यायच्या दिवशी मी एक ठरवून टाकलं. सातवा महिना सरत आला होता, आणि मी अडकित्ता गिरगावात देवघरातच ठेवून निघाले. कोणालाही सांगितलं नाही. निदान आज साहेबासमोर सुई सरळ उभी राहावी. ज्या माणसाने मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं, त्याचं नशीब माझ्या कमरेच्या लोखंडापायी अडायला नको. एका दिवसात काय होणार आहे, असं स्वतःला बजावत मी खाडीच्या काठाने चालले. पण मागची दोन्ही मुलं गेली ती अशाच एकेका दिवसात.

साहेबाने दारातल्या पेटीत घड्याळ, चाकू, किल्ल्या टाकल्या आणि हसत हसत मोडक्या मराठीत "लोखंड नाही" म्हटलं. मीही म्हटलं, आणि बऱ्याच महिन्यांनी ते खरं होतं. पदर पुढे ओढून मी कोपऱ्यात बसले. यांनी सुईला झोका दिला. मी मोजू लागले.

कवडसा जुन्या रेघेभोवती झुलू लागला. अगदी मधोमध. साहेब खूश होऊन पुढे वाकला. यांनी कवडशाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी मोजत होते. आवाज मलाच परका वाटत होता. वीसच्या पुढे कुठेतरी यांनी हात वर केला.

"साहेब, क्षमा असावी," हे इंग्रजीत म्हणाले. तेवढं मला कळत होतं. "खोलीत एक वस्तू कमी आहे."

बाहेर गेले, पेटीतून आपल्या किल्ल्यांचा जुडगा आणला आणि साहेबादेखत माझ्या ओटीत टाकला. कवडसा टुणकन बाजूला गेला. "मोज," मला म्हणाले.

साहेबाने विचारलं, यांनी सगळं सांगितलं. माझी दोन मुलंसुद्धा सांगितली. साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, बाईंना बाहेर बसवा, ते चार महिने खोडून टाका, मी लेख पाठवतो. लोखंड असलेल्या खोलीतलं मोजमाप विलायतेत कोणी वाचणार नाही.

"तेच चार महिने माझं खरं काम आहे," हे म्हणाले. "ते खोडले तर मी काय शोधलं ते सांगू कसं?"

साहेबाने हात मिळवला आणि गेला. लेख गेला नाही. कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली.

स्टेशनाच्या वाटेवर मी यांच्यावर तुटून पडले. उभ्या जन्मात नवऱ्याला असं बोलले नव्हते. "अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही? सुई सरळ होती! अर्धा तास निघत नव्हता का? तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वाससुद्धा नाही!"

"नाही," हे म्हणाले. "तुझा आहे. आणि खोलीत तूही होतीस."

पुढे हे शेवटपर्यंत गिरगावात पाढे आणि अपूर्णांक शिकवीत राहिले. कधी हळहळले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही. हळहळ मी केली, दोघांच्या वाटची. आणि अभिमानही मीच बाळगला, तो आजही आहे.

काल मी पेटीतून ती वही काढली आणि नातवासमोर ठेवली. आधी तो नुसता चाळत होता, मग मांडी घालून बसला. एकेक रकाना बोटाने खाली वाचत त्या नाताळच्या पानावर आला. तिथे यांच्या बारीक अक्षरात शेरा आहे, तो त्याने मोठ्याने वाचला: "सतरा हा अंक गाळला. मोजणारी घाबरली आहे. लोखंड: नाही." त्याखाली दुसरी ओळ आहे: "लोखंड: आहे. मी दिलं. यापुढचे अंक बरोबर."

मग मान वर न करता तो म्हणाला, "आणि पुढे काय झालं, आजी?"

"पुढे तुझी आई झाली," मी म्हटलं.